न दाखवलेली तिसरी रांग

रविवारी सकाळी बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या मॅरिज गार्डनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, उरलेली माणसं चपला हातात घेऊन भिंतीवर चढून बसली. खकनारकडच्या खेड्यांतून जीपगाड्या भरभरून आल्या होत्या. मंचावर अक्षय महाराज उभे होते. अंगात भगवी कफनी, तिच्यावर डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेशेजारी स्टेथोस्कोप. देवाचा आणि दवाखान्याचा, दोन्हीकडचा गणवेश एकाच अंगावर! मागे भिंतभर पडदा होता.

"बोला भक्तहो, एचआयव्हीला आजवर कोणी हरवलं?"

"कोणीच नाही!"

"अमेरिकेने?"

"नाही!"

"केळीने हरवलं! आपल्या बुऱ्हाणपूरच्या केळीने!"

टाळ्या अशा पडल्या की भिंतीवरचे दोघे खाली आले. पडद्यावर एक चित्र उमटलं. काळ्या पाटीत बारीक बारीक वाट्यांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेतल्या वाट्या निळसर उजेडाने चमकत होत्या, खालच्या रांगेत मिट्ट काळोख.

"ही वरची रांग बघा. यात आहेत पेशी आणि त्यांच्यावर सोडलाय व्हायरस. व्हायरस पेशीत घुसला की दिवा लागतो. लागले ना दिवे? आता खालची रांग. वही पेशी, वही व्हायरस, फक्त आपल्या कदलीसंजीवनी काढ्याचे थेंब टाकले. दिवे गुल! याला विज्ञानात म्हणतात न्यूट्रलायझेशन! देहातली अँटिबॉडी जे काम करते, ते आपलं केळफूल करू राहिलं, भक्तहो!"

सगळ्यात मागच्या रांगेत प्राध्यापक योगेंद्र बसला होता. न्यूट्रलायझेशन हा शब्द कानावर पडला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तो शब्द त्याचा होता.

आता एखादा शब्द कोणाच्या मालकीचा कसा असेल? पण योगेंद्रला तसं वाटे खरं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याने उमेदीची दोन वर्षं हीच चाचणी करण्यात घालवली होती. शिष्यवृत्ती संपली, तो गावी परतला आणि इथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागला. वर्गात मूठभर मुलं, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये. त्या चाचणीबद्दल बुऱ्हाणपुरात त्याला एकाच माणसाने विचारलं होतं, तो म्हणजे हा अक्षय. शाळेपासून कॉलेजापर्यंत त्याच्याच बाकावर बसणारा, त्याच्याच वहीतून बेडकाची आकृती उतरवणारा, बी.एस्सी.ला दोनदा आपटलेला अक्ष्या! इतवारा बाजारात मावा जिलबी खाता खाता त्याने विचारलं आणि योगेंद्रने भारावून जाऊन तासभर सगळं समजावलं. इतकं मन लावून त्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आता तोच शब्द अक्ष्याच्या तोंडून गेला, तर टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता.

आणि पहिल्या रांगेत योगेंद्रची बायको पल्लवी हात जोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो त्याने लग्नाच्या अल्बममध्ये शेवटचा पाहिला होता.

"आता विसर्जन!" महाराज गरजले.

मंचाच्या कडेला फुलांनी सजवलेला मोठा तांब्याचा कलश होता. ज्यांनी काढा सुरू केला, त्यांनी दवाखान्याच्या गोळ्या त्या कलशात टाकायच्या. भरलेला कलश वाजतगाजत तापीवर नेऊन बुडवायचा. हे गोळीविसर्जन महाराजांनी स्वतःच काढलेलं होतं आणि लोकांना ते फार आवडलं होतं. गणपतीसारखं वाटायचं. रांग लागली. शुगरच्या, बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या खडखडत कलशात पडू लागल्या. कोण काय टाकतंय ते कोणी विचारत नव्हतं, तेवढी एकच गोष्ट बरी होती.

त्या रांगेत निशा होती.

निशा म्हणजे पल्लवीची धाकटी बहीण. खकनारजवळच्या गावात दिलेली, सातवा महिना लागलेला, म्हणून सध्या बहिणीकडे राहायला आलेली. तिला आणि तिच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे, हे पोटातल्या बाळामुळे झालेल्या तपासणीत कळलं होतं. घरात ते ठाऊक होतं फक्त पल्लवीला आणि योगेंद्रला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या रोज घेतल्या तर रक्तातला विषाणू दबून राहील आणि बाळ बहुतेक सुखरूप येईल. निशाने पदराखालून एक पांढरी बाटली काढली, डोळे मिटले आणि ती कलशात सोडली.

योगेंद्र खुर्चीवरून ताडकन उठला.

आता इथे खरं सांगायला हवं. तो निशासाठी उठला, हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा अक्ष्यावर जळून उठला होता. आणि नेमका तोच अर्धा आधी बोलला.

"खोटा आहे तो फोटो!" तो ओरडला. "कॉम्प्युटरवर बनवलेला! याला परीक्षानळी धरता येत नव्हती, हा काय चाचणी करणार?"

हजार माना मागे वळल्या. महाराज हसले. त्यांचं हसू असं की रागावणाराच लहान दिसावा.

"या, प्रोफेसर साहेब. भक्तहो, हे माझे बालमित्र. यांचं माझ्यावर लई प्रेम आहे." लोक हसले. "फोटो खोटा म्हणता? लगेच विचारू."

त्यांनी मोबाइल पडद्याला जोडला आणि फोन लावला. पडद्यावर दूरच्या शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेतला चष्मेवाला माणूस दिसू लागला. त्याच्या पाठीमागे यंत्रं होती, फ्रीज होते, योगेंद्रला चांगली ओळखीची असलेली सगळी मांडणी होती.

"हो, फोटो आमच्याच यंत्राचा आहे," तो माणूस म्हणाला. "चाचणी खरी आहे. तुम्ही जेवढं करायला सांगितलं होतं, तेवढं आम्ही व्यवस्थित केलंय."

मांडवात हशा उसळला. योगेंद्र तोंडावर आपटला होता, तोही स्वतःच्याच विषयात. महाराजांनी खाली उतरून त्याला हार घातला आणि कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "योग्या, जळू नको रे. जिलबी खायला ये कधी."

घरी आल्यावर पल्लवी म्हणाली, "पोट भरलं का आता? सगळ्या बुऱ्हाणपूरसमोर इज्जत घालवली."

"निशाने गोळ्या फेकल्या, ते दिसलं नाही तुला?"

"बाटलीभर गोळ्या खाऊन ती कंटाळली होती. इथं काढा पिऊन तिला बरं वाटू राहिलं."

"बरं कुठे? उलट्या होत होत्या काल."

"महाराज म्हणतात, विष बाहेर पडू राहिलं."

"आणि तू ते ऐकतेस! मी दोन वर्षं हेच काम केलंय, पल्लवी. माझं कधी ऐकलंस तू?"

ती पदर खोचून त्याच्याकडे वळली. "तुम्ही निशासाठी बोलत असता ना, तर ऐकलं असतं. तुम्ही जळता. तुम्हाला ती टाळी पाहिजे होती."

योगेंद्रने चिडायला हवं होतं, पण चिडता येईना. मंचावर अक्ष्याच्या जागी आपण उभे आहोत असं त्याने त्या सकाळी दोनदा मनात पाहिलं होतं. तो निमूटपणे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

मोरीत निशाचा काढ्याचा पेला होता. पल्लवीने त्यावर नळ सोडला आणि पेल्यातून फेस वर आला. ती पेला विसळत राहिली, फेस येत राहिला. साबणाची वडी तर अजून कागदातच होती.

"या काढ्याला इतका फेस कशाने येतो?"

"शक्ती आहे त्यात. महाराज बाटली हलवून दाखवतात ना."

योगेंद्रने तळाशी राहिलेला थेंब जिभेला लावला. कडू, आणि घशात खवखवणारा. त्याने पल्लवीच्या केसांकडे पाहिलं. दर शुक्रवारी ती रिठे भिजत घालते, आणि न्हाणीघरात हाच फेस असतो. इतवाऱ्यातले सराफ सोनं उजळतात ते याच पाण्याने.

आणि तेव्हा त्या चष्मेवाल्याचं वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. तुम्ही जेवढं करायला सांगितलं होतं, तेवढं.

फोटो खरा होता. चाचणी खरी होती. मत्सराने त्याला नको तिथे शोधायला लावलं होतं. खोट होती ती जे दाखवलंच नाही त्यात. पुण्यात अशी चाचणी केली की तिथले सर पहिल्यांदा विचारायचे, "पेशी जिवंत आहेत ना?" त्यासाठी आणखी एक रांग लावावी लागे. तिच्यात विषाणू नसे. नुसत्या पेशी आणि त्यांच्यावर तेच औषध. ती रांग अक्षयने मागितलीच नव्हती. इतवाऱ्यात समजावताना योगेंद्र नेमका त्या रांगेपर्यंत आला होता, तोच अक्षयचा फोन वाजला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोट टोचून स्वतःचं रक्त काढ्यात घातलं. पेशी फुटल्या आणि त्याला हवं ते दिसलं. हवं ते! हाच शब्द त्याला खुपला. आपल्याला जे दिसावंसं वाटत होतं तेच दिसलं, याची खात्री कोण देणार? पुण्यात नमुन्याच्या कुप्यांवर नावं नसत, नुसते आकडे असत. कुठली कुपी कोणाची, ते चाचणी करणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा कडक नियम होता. करणाऱ्याच्या मनात लोभ असो, राग असो, निकालावर त्याचा हात पडू नये म्हणून. योगेंद्रच्या मनात जे होतं ते तर सगळ्या लालबागेला ठाऊक झालं होतं.

पुढच्या रविवारी तो परत गेला. महाराज सत्संगाच्या शेवटी कोणालाही प्रश्न विचारू देत आणि विचारणाऱ्याला हार घालत. प्रश्न सोपे असत, म्हणून ही उदारता परवडत असे. योगेंद्र उठला तेव्हा आधीच खसखस पिकली.

"फिर आ गए प्रोफेसर!" कोणीतरी ओरडलं.

"आलो," योगेंद्र माईकवर म्हणाला. "मागच्या वेळी मी चुकलो. फोटो खरा आहे. मी माफी मागतो."

महाराजांनी हात उंचावून आशीर्वाद दिला.

"आणि दुसरं, महाराज म्हणतात तेही खरं आहे. मी जळतो. माझ्या वर्गात मुलं येत नाहीत आणि यांच्याकडे गाव लोटतं. माझी बायको माझं ऐकत नाही, यांचं ऐकते. रात्रंदिवस जळतो मी."

पहिल्या रांगेत पल्लवीने मान खाली घातली. तिच्या शेजारी निशा बसली होती.

"तेव्हा माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मी पाठ करून उभा राहतो. जे करायचं ते माझ्या बाजूचं नसलेल्या माणसाने करावं. पल्लवी, तू येतेस?"

पल्लवी वर आली ती रागातच. टेबलावर त्याने तीन काचेच्या नळ्या मांडल्या. तिन्हीत मेडिकलच्या दुकानातून आणलेलं सलाईन होतं. सगळ्यांसमोर नवी सुई फोडून त्याने बोट टोचलं आणि प्रत्येक नळीत थोडं थोडं रक्त सोडलं. तिन्ही नळ्या सारख्याच गढूळ लाल झाल्या.

"महाराज, तुमच्या हाताने तुमचा काढा द्या. सलाईनची बाटली पल्लवीकडेच राहू दे. आणि या बाटलीत रिठ्याचं पाणी आहे, गाळून आणलंय. पल्लवी, एका नळीत काढा घाल, एकीत रिठा, एकीत आणखी सलाईन. थेंब सगळीकडे सारखेच. कुठल्या नळीत काय, ते मला सांगू नको. महाराजांनाही सांगू नको."

महाराजांना हे आवडलं नव्हतं, पण समोर हजार डोळे होते. त्यांनी बाटली दिली आणि स्वतःही पाठ केली. दोन बालमित्र लोकांकडे तोंड करून, टेबलाकडे पाठ करून शेजारी शेजारी उभे राहिले.

"योग्या, काय नाटक करू राहिला?" महाराज ओठ न हलवता पुटपुटले.

"थांब रे जरा."

थोड्या वेळाने पल्लवीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. दोघे वळले. एक नळी होती तशीच गढूळ होती. उरलेल्या दोन मात्र लाल सरबतासारख्या स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या झाल्या होत्या. योगेंद्रने नळ्यांमागे वर्तमानपत्र धरलं आणि निशाला हाक मारली.

"तू वाच. काय दिसतं?"

निशा मंचाजवळ आली. "इथून काहीच दिसत नाही," ती गढूळ नळीतून बघत म्हणाली. मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. "या दोघींतून अक्षरं वाचता येऊ राहिली, जिजाजी."

"रक्त गढूळ दिसतं ते त्यातल्या पेशी अख्ख्या असतात म्हणून. पेशी फुटल्या की रक्त असं निवळतं. या दोन नळ्यांत माझ्या पेशी फुटल्या. एकीत काढा आहे, एकीत रिठा. कोणती कोणती ते मला ओळखता येत नाही. महाराज, तुमचा काढा आहे. तुम्ही ओळखा."

महाराजांनी नळ्यांकडे पाहिलं. फुटलेला घाम कोटाच्या बाहीला पुसला. एका नळीवर बोट ठेवलं. "ही. हिच्यात तेज आहे."

सगळे पल्लवीकडे बघू लागले. मग तिने मान हलवली. "नाही भाऊ. त्यात रिठा आहे."

भिंतीवरून पहिलं हसू फुटलं. मग हसण्याची लाटच आली.

"हे रक्त अपवित्र आहे! मत्सराने भरलेलं आहे!" महाराज ओरडले.

"मत्सर तिन्ही नळ्यांत सारखाच आहे," योगेंद्र म्हणाला. "गढूळ राहिलेल्या नळीतही माझंच रक्त आहे. तिथे का फुटलं नाही? तिथे काढा नव्हता म्हणून."

मग त्याने पडद्यावरच्या त्या चित्राकडे हात केला. वर्गात कधी लागला नव्हता तसा त्याचा आवाज लागला.

"हा उजेड व्हायरसचा नाही, पेशीचा आहे. पेशी जिवंत असते, व्हायरस तिच्यात शिरतो, तेव्हा ती उजळते. खरी अँटिबॉडी काय करते? बाहेरच व्हायरसला धरून ठेवते. पेशी जगते आणि अंधार राहतो. यांच्या काढ्याने काय केलं? पेशीच मारली. घरात अंधार दिसला म्हणजे चोर पळाला असंच नाही, घरातली माणसंही मेली असतील. म्हणून व्हायरस न घालता नुसत्या पेशींवर काढा टाकून त्या जगतात का, ती तिसरी रांग बघावी लागते. ती यांनी तुम्हाला दाखवली नाही, कारण ती करूनच घेतली नाही. अशा हिशेबाने कपडे धुवायची पावडरही एचआयव्हीवर जालीम औषध ठरेल. आणि अँटिबॉडी माणसाच्या रक्तात बनते, ती मोजायची तर माणसाचं रक्त घेतात. कोणी बाटलीतला काढा घेत नाही!"

"बाटलीला फेस यायचा, लोकांना आवडायचा," महाराज एकाएकी अगदी कॉलेजातल्या अक्ष्यासारखे बोलून गेले. "म्हणून रिठा. बाकी तर केळफूलच आहे ना यार."

हे माईकवरून सगळ्या मांडवाने ऐकलं.

गर्दी पांगली. काही जण कलशाभोवती जमून आपापल्या गोळ्या हुडकू लागले. काही जण जाता जाताही महाराजांच्या पाया पडले; पाठ वाकायची सवय लागली की ती एका दुपारी मोडत नाही. महाराजांची पांढरी गाडी मागच्या फाटकातून निघून गेली. ती गाडी बघून योगेंद्रच्या पोटात आजही दुखलंच. मत्सर गेला का? कसला जातोय!

फाटकाशी निशा थांबली होती. "जिजाजी, माझ्या गोळ्या तर मागच्या रविवारीच तापीत गेल्या. दवाखान्यात बोलतील ना मले?"

"बोलतील थोडं. पण गोळ्या देतील."

"बाळाचं काय?"

योगेंद्रला खोटा धीर द्यावासा वाटला, तो त्याने गिळला. "मला माहीत नाही. उद्या डॉक्टरांना विचारू. रक्त तपासतील. जितकं लवकर जाऊ तितकं चांगलं."

"आमच्या यांनाही गावाहून बोलावून घेते मग. त्यांनीही सोडल्या आहेत."

पल्लवी इतका वेळ मागे उभी होती. तिने विचारलं, "निशे, हे गेले आठ दिवस सांगत होते, तरी तू काढा सोडायला तयार नव्हतीस. आज एकदम यांचं पटलं कसं?"

निशाने जरा विचार केला. "महाराज म्हणायचे, माझ्याकडे बघा, विश्वास ठेवा. जिजाजी पाठ करून उभे राहिले ना ताई. त्यांना जिंकायचं होतं, ते तर दिसू राहिलं होतं. पण हात तुझे होते, आणि अक्षरं मी वाचली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर रागावले, मग म्हणाले की अजून वेळ गेलेली नाही, आता एक दिवसही चुकवू नको. तिने तिथेच, सगळ्यांदेखत, पहिली गोळी घेतली.

वाचकहो, सांगणारा भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, मित्र असो की जळका शत्रू, त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. त्याला एवढंच विचारा की तुझं औषध घातलं नसतं तर काय दिसलं असतं, आणि नुसतं औषधच घातलं असतं तर काय दिसलं असतं? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्याकडे आपली गोळ्यांची बाटली देऊ नका. जो म्हणतो, माझं सोडा, तुम्ही स्वतः करून बघा, त्याच्याही शब्दावर विसंबू नका. खरंच करून बघा.